धागा: नाथसागरातली २८ फुटी डिझेल बोट, इंजिनाचा आवाज आणि डब्यातला पसारा

पैठणकर_नाव
मंडळी नमस्कार. जायकवाडीच्या बॅकवॉटरला चालणारी २८ फुटी एफआरपी (फायबरची) बोट आहे. ३ सिलिंडर, ३८ एचपी, साधं बिनटर्बोचं डिझेल, गिअरबॉक्स २:१, कील कूलिंग (कूलंट बोटीखालच्या नळ्यांत थंड होतं), एक्झॉस्ट कोरडा आणि छतातून वर काढलेला. इंजिनावर १२ मिमी मरीन प्लायचा डबा आहे. आतून लांबी १५००, रुंदी ९००, उंची ८५० मिमी. झाकण एकसंध, नुसतं वरून ठेवलेलं.
२००० आरपीएमला सुकाणूपाशी कानाच्या उंचीवर मीटर ९१ डीबीए (कानाच्या हिशोबाने मोजलेले डेसिबल) दाखवतं. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. शिवाय सगळा भाग पक्षी अभयारण्यात येतो, थंडीत पाहुणे पक्षी उतरले की हा भडभडाट नको वाटतो.
फोम कोणता लावू, किती जाडीचा? आणि डबा बंद केला तर आपल्या मे महिन्यात, ४२ डिग्रीत, इंजिन उकळणार नाही ना? आतला पसाराही आवरायचाय: बॅटरी, फिल्टर, वायरी, पाने, सगळं एकात एक आहे.

हिंगोली_हौशी
अंड्याचे ट्रे आतून चिकटवा. स्वस्तात मस्त. नाहीतर थर्माकोल.

डीजी_वाळूज
हौशीभाऊ, कृपा करून नको. पुठ्ठ्याच्या ट्रेने आवाज अडत नाही, आणि डिझेलचे शिंतोडे उडाले की तो वातीसारखा पेटतो. थर्माकोल वितळून जळता थेंब थेंब खाली पाडतो, तोही डिझेलच्या नळीवर. पत्र्याखाली लावतात तो चंदेरी रोल आणि एसीच्या डक्टवरचा काळा रबरी फोम, हे दोन्ही उष्णतेसाठी आहेत. त्यांची छिद्रं बंद असतात, त्यामुळे आवाज आत शिरतच नाही, मग शोषला कसा जाणार? दुकानदार मात्र "साउंडप्रूफ आहे साहेब" म्हणूनच देतो.
कुठलाही फोम घेण्याआधी बोटाएवढा तुकडा उघड्यावर नेऊन काडी लावून बघा. काडी काढल्यावर विझला तर पुढचं बोला. जळत टपकला तर दुकानातच ठेवा.

आबा_नांदेड
फोमाचं नंतर बघू. आधी सांगा, इंजिन कशावर बसवलंय? माउंटिंगचं रबर किती वर्षांचं? चारी रबरं सारखी दबलीत का? रबर मेलेलं असलं की अख्खी बोटच ढोल होते, अन् तुम्ही डब्याला गादी शिवत बसता.

मीटरवाली
आबांच्या म्हणण्याला आकडे जोडते. ३ सिलिंडर फोर स्ट्रोक म्हणजे एका फेऱ्यात दीड स्फोट. ७५० आरपीएमच्या आयडलला (रिकाम्या, संथ फिरण्याला) ते होतात सेकंदाला १८.७५, म्हणजे १८.७५ हर्ट्झ. रबर इंजिनाच्या वजनाने ४ मिमी दबत असेल तर इंजिन आणि रबर या जोडीची स्वतःची वारंवारता ८ हर्ट्झच्या आसपास येते. (सूत्र: १५.८ भागिले दाबाच्या मिमीचं वर्गमूळ.) अशा वेळी आयडलचा धक्का बोटीत साधारण पाचवा हिस्साच उतरतो. तेच रबर वाळून कडक झालं आणि १ मिमीच दबलं, तर जोडीची वारंवारता १५.८ वर जाते. १८.७५ च्या इतक्या जवळ आल्यावर धक्का कमी होण्याऐवजी दुपटीहून जास्त होतो. आयडलला काच खडखडते आणि १८०० च्या पुढे जरा शांत वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.
फोम इथे काहीच करू शकत नाही. २००० आरपीएमला स्फोट ५० हर्ट्झचे, त्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर. ५० मिमी फोमाला ती दिसतसुद्धा नाही. फोम खातो तो वरचा भाग: टॅपेटची टकटक, इंजेक्टरची खटखट, गिअरची किरकिर.
कामाला हात लावण्याआधी चार मोजमापं घ्या. न्यूट्रलमध्ये १८०० आरपीएम, गिअरमध्ये १८००, झाकण उघडं ठेवून, आणि एक्झॉस्टच्या टोकापासून १ मीटरवर. मीटर दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर. न्यूट्रल आणि गिअरमध्ये फरक मोठा निघाला तर शाफ्ट किंवा पाण्यातला पंखा तपासा. झाकण उघडून-लावून फरक जेमतेम २-३ डीबी आला तर डबा भोकांनी भरलाय असं समजा.

पैठणकर_नाव
मोजलं. न्यूट्रल १८०० ला ८७, गिअरमध्ये ९०. झाकण उघडलं तर ९३. एक्झॉस्टपाशी ९८. रबरं चारही ओबडधोबड दबलेली, मागची उजवी जवळजवळ सपाट, तिच्यावर डिझेल गळत होतं. झाकणाभोवती फट ५ मिमीची, काही ठिकाणी जास्त.

आबा_नांदेड
मग उत्तर तुमच्याच हातात आलं की! डिझेल रबराला लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं, बसतं. आधी गळती बंद करा, मग चारी माउंट एकदम बदला. एक-दोन बदलून भागत नाही, नवं रबर सगळा भार घेतं अन् इंजिन वाकडं बसतं.
घेताना मरीन माउंटच घ्या. जनरेटरचं किंवा ट्रॅक्टरचं रबर फक्त वरून खाली येणारा भार घेतं. बोटीत पंखा जो रेटा देतो तो शाफ्टवाटे गिअरबॉक्सला अन् तिथून माउंटला येतो. साधं रबर त्या रेट्याने पुढे सरकतं, मग कपलिंगची (शाफ्ट अन् गिअरबॉक्स जोडणारा सांधा) रेषा रोज बदलते. इंजिन अन् गिअरबॉक्स मिळून २६० किलो असलं तरी चारी कोपऱ्यांवर ६५-६५ पडत नाही. गिअरबॉक्सकडे जास्त पडतं का पुढे, ते चेनपुलीला वजनकाटा लावून बघा अन् त्या हिशोबाने रबराचा कडकपणा मागा. बसवल्यावर चारी सारखी दबली पाहिजेत. वर पत्र्याची छोटी टोपी असलेले माउंट मिळतात, तेच घ्या, तेल-डिझेल वरच्या वर वाहून जातं.
मग अलाइनमेंट, म्हणजे इंजिन अन् शाफ्ट एका रेषेत आणणं. बोट पाण्यात एक दिवस-रात्र राहू द्या अन् पाण्यातच करा. एफआरपीचं अंग काठावर एक असतं अन् पाण्यात दुसरं. कपलिंगचे बोल्ट काढून दोन्ही तोंडं हाताने टेकवा, फीलर गेज (पातळ पात्यांचं माप) वर, खाली, डावीकडे, उजवीकडे घालून बघा. १०० मिमीच्या फ्लँजला (कपलिंगच्या चकतीला) फरक ०.१ मिमीच्या आत पाहिजे. मग शाफ्ट पाव फेरी फिरवून पुन्हा. बोल्ट आवळून ओढून घेऊ म्हणाल तर ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग) अन् बेअरिंग दोन्ही खाईल.

हिंगोली_हौशी
आबा, एवढं सगळं आवाजासाठी?

आबा_नांदेड
कामून नाही? गिअरमध्ये टाकल्यावर तीन डीबी वाढलाय तो आला कुठून?

मीटरवाली
भोकांचा हिशोब बघा. डब्याचा आतला पृष्ठभाग ५.४ चौमी. झाकणाचा घेर ४.८ मीटर, फट ५ मिमी, म्हणजे ०.०२४ चौमी उघडं. एकूण क्षेत्राच्या अर्धा टक्काही नाही. पण तेवढ्यानेच डब्याची आवाज अडवण्याची मर्यादा २३ डीबीवर अडकते. शाफ्टचं भोक, वायरींची भोकं, थ्रॉटलच्या केबलची खाच धरून आणखी तेवढंच उघडं असेल तर २१. मग भिंत शिशाची करा नाहीतर सोन्याची. म्हणून फटी आधी आणि वजन नंतर.

डीजी_वाळूज
ताईंनी सांगितलं तेच आमच्या जनरेटरच्या कॅनॉपीतही (झाकायच्या पेटीतही) रोज दिसतं. आता थर सांगतो, क्रम चुकवू नका.
प्लायला चिकटून ६ ते १० मिमी बंद छिद्रांचा मऊ फोम. त्यावर ५ किलो प्रति चौमीचा जड व्हिनाइल पडदा, बाजारात एमएलव्ही म्हणून मिळतो. त्यावर ५० मिमी उघड्या छिद्रांचा, आग न धरणारा फोम, तोंडाला पातळ चंदेरी पॉलिएस्टर फिल्म, साधारण २५ मायक्रॉन. फिल्म इंजिनाकडे. जाड फॉइल लावलं तर आवाज आपटून परत येतो, फोमापर्यंत पोचतच नाही.
पडदा थेट प्लायवर ठोकू नका. मधला मऊ थर आहे म्हणून पडदा वेगळा हलतो आणि भिंत वेगळी. स्क्रू इतके आवळले की मधला फोम चपटा झाला, तर दोन्ही एक होतात आणि पैसे पाण्यात.
फोम नको असेल तर रॉकवूल चालेल: ५० मिमी, ४८ किंवा ६४ किलो घनतेचा, ग्लास क्लॉथमध्ये गुंडाळून, वर छिद्रांचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा. ३ मिमीचं छिद्र, ५ मिमीवर, आडवंतिडवं, म्हणजे तिसरा हिस्सा उघडा राहतो. त्याहून कमी उघडा नको. आगीला रॉकवूल उत्तम, पण बोटीत एकदा का त्याने पाणी-तेल पिलं की खाली बसतं आणि वरचा भाग रिकामा राहतो.
खालचे १५० मिमी काहीही झालं तरी फोमाविना ठेवा, तिथे नुसता पडदा. बिल्जचं (बोटीच्या तळाशी साचणारं) पाणी डचमळतं ते तिथपर्यंत येतं. बोटीच्या तळाला तर काहीच चिकटवायचं नाही.

पैठणकर_नाव
माल किती आणू? आणि चिकटवायला?

डीजी_वाळूज
पडदा ५.४ चौमी लागतो, कापाकापी धरून ६ आणा. फोम खालची पट्टी सोडून ४.७, आणा ५.५. चिकटवायला सिंथेटिक रबरचा काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह, दोन्ही बाजूंना, हाताला चिकटेनासा झाला की दाबायचं. फोमाला आधी एक हात देऊन वाळू द्या, तो पहिला हात पिऊन टाकतो.
पण नुसत्या चिकटवण्यावर विसंबू नका. आपल्याकडच्या उन्हात डब्याचं तापमान ५५-६० ला जातं आणि झाकणाचा फोम सुटून थेट बेल्टवर पडतो. २०० ते २५० मिमीवर स्टेनलेस स्क्रू आणि ३०-४० मिमीचा मोठा वॉशर. सगळे मिळून १०० ते १२० लागतील. प्लायमध्येच स्क्रू मारा. जिथे डब्याची भिंत म्हणून बोटीचंच अंग येतं तिथे भोक पाडायचं नाही, रेझिनने लाकडी पट्ट्या बसवा आणि त्यात स्क्रू. कापलेल्या सगळ्या कडांना अ‍ॅल्युमिनियम टेप, नाहीतर फोम कडेने तेल पितो.
झाकण आता २० किलोच्या आसपास जाईल. एकट्याने उचलणं जिवावर येईल, म्हणून दोन भाग करा. जोडावर आतून ५० मिमी पट्टी, म्हणजे सरळ फट राहणार नाही. सगळ्या कडेला ईपीडीएम रबराची पोकळ गॅस्केट, बंद केल्यावर तिसरा हिस्सा दबेल अशी, आणि प्रत्येक भागाला चार ओढून बसणारे क्लॅम्प. गॅस्केट लावून झाकण नुसतं ठेवलं तर उपयोग शून्य, दाब पाहिजे.

पैठणकर_नाव
आणि हवा? ताई म्हणतात सगळ्या फटी बुजवा. मग इंजिन श्वास कुठून घेणार?

मीटरवाली
हा धाग्यातला खरा प्रश्न. आतापर्यंत डब्याची उष्णता प्लायमधून आणि फटींतून जात होती. आता भिंत उष्णताही अडवणार, म्हणून ती हवेनेच बाहेर काढावी लागेल.
जळणाला लागणारी हवा थोडी असते. १.५ लिटरचं इंजिन २००० वर धरलं तर दीड घनमीटर प्रति मिनिटही नाही. खरी गरज थंडाव्याची. ३८ एचपीचं इंजिन अर्ध्या भाराला अंगातून साधारण २ ते २.५ किलोवॅट उष्णता डब्यात सोडतं. डबा बाहेरच्यापेक्षा १५ डिग्रीच जास्त तापू द्यायचा तर मिनिटाला ७-८ घनमीटर हवा फिरली पाहिजे. बाहेर ४२ तर आत ५७. त्यावर जाऊ देऊ नका, अल्टरनेटर आणि बेल्ट दोन्ही कुरकुरतात. शिवाय ४२ डिग्रीची हवा २० डिग्रीच्या हवेपेक्षा ७ टक्के विरळ, म्हणजे तेवढी ताकदही कमी.
वाट ३०० चौसेमीची ठेवा, आत येणारी तेवढीच, जाणारी तेवढीच. वेग ४ ते साडेचार मीटर प्रति सेकंद येतो, शिट्टी वाजत नाही. पण वाट सरळ नको. प्लायची पेटी करा, आतून मोकळी १५० बाय २०० मिमी, चारी बाजूंना २५ मिमी फोम, लांबी मीटरभर, दोन वळणं. एका टोकातून बघितलं तर दुसरं दिसता कामा नये. फोमाची जाडी बाहेरून वाढवा, आतली वाट अडवून नाही.

डीजी_वाळूज
येणारी हवा तळाशी सोडा, जाणारी विरुद्ध बाजूने वरून. दोन्ही तोंडं वर ठेवली तर हवा वरच्या वर फिरून निघून जाते आणि इंजिनाच्या पोटाशी भट्टी तशीच राहते.
ब्लोअर हवा आत ढकलणारा लावा, धूळ-गाळणी लावता येते.

आबा_नांदेड
इथे नाही पटत. ढकलणारा लावला की डब्यात दाब वाढतो अन् डिझेलचा वास प्रत्येक बारीक फटीतून माणसांत येतो. ओढणारा लावा.

मीटरवाली
बोटीसाठी आबांचं बरोबर. फक्त ओढणारा ब्लोअर आणि इंजिन, दोघेही त्याच डब्यातून हवा ओढतात, वाट अपुरी असेल तर आत पोकळी होते. तपासणी सोपी: पारदर्शक नळीचा यू, त्यात पाणी, एक टोक डब्यात, एक बाहेर. पूर्ण आरपीएमला पाण्याच्या पातळीतला फरक १२ मिमीच्या आत हवा. जास्त आला तर वाट मोठी करा, ब्लोअर नव्हे.
४ इंची १२ व्होल्टचे ब्लोअर त्यांच्या खोक्यावर लिहिलेल्या आकड्याच्या अर्ध्या-पाऊणच हवा देतात, कारण तो आकडा नळीशिवायचा असतो. म्हणून दोन लावा, सतत चालणारे. इंजिन बंद केल्यावरही पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, तेव्हाच डबा सगळ्यात जास्त तापतो.
हे सगळं डिझेलचं. पेट्रोल इंजिन असेल तर ब्लोअर ठिणगी न पडणाराच पाहिजे आणि स्टार्टरला हात लावण्याआधी किमान ४ मिनिटं चालवायचा.

आबा_नांदेड
एक्झॉस्टपाशी ९८ आलाय, तो डब्याने जाणार नाही. इंजिनानंतर लगेच स्टीलचा लवचीक तुकडा, मग सायलेन्सर, अन् पाइप रबरी हँगरवर. पाइप बोटीला घट्ट जखडला तर नवे माउंट घालून बी थरथर तिथूनच अंगात जाते. पाइपाचा व्यास कमी करू नका, वळणं लांब घ्या, बॅकप्रेशर (धुराला मागे रेटणारा दाब) वाढलं की धूर अन् उष्णता दोन्ही वाढते. डब्यातल्या पाइपाला २५ मिमी सिरॅमिक ब्लँकेट, वर ग्लास क्लॉथ, वर अ‍ॅल्युमिनियम. लवचीक तुकड्यावर मात्र सोडवता येणारं जॅकेट, तडा तिथेच जातो अन् तो दिसला पाहिजे. डब्यातून पाइप बाहेर जातो तिथे चहूकडून ५० मिमी जागा सोडून बाही बसवा अन् मधे सिरॅमिक भरा. कापताना मास्क अन् हातमोजे, तो धागा फुफ्फुसात जाऊन बसतो.

वायरमन_परभणी
मांडणीचं मी सांगतो. पहिली गोष्ट, बॅटरी डब्याबाहेर काढा. लेड अ‍ॅसिडला दर ८-१० डिग्री वाढीला आयुष्य निम्मं होतं, आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. वेगळी पेटी, झाकणाला हवेची वाट, पट्ट्याने बांधलेली. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून १७५ मिमीच्या आत. मेन स्विच असा की झाकण न उघडता हात पोचेल.
वायर टिन केलेली तांब्याची, दर ४५० मिमीला क्लॅम्प, दोन्ही टोकांना नंबरचे फेरूल (टोकावर बसवायच्या छोट्या नळ्या). वायरी वर, डिझेलच्या नळ्या खाली, एकाच क्लॅम्पमध्ये दोन्ही कधीच नाहीत. भिंतीतून जाताना केबल ग्लँड, म्हणजे ताईंची फटही बुजते आणि वायर कातरतही नाही. इंजिनावरून भिंतीकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरला, नळीला, केबलला एक सैल वळसा ठेवा. नवे माउंट घातल्यावर इंजिन स्टार्ट-बंद होताना चांगलं हलतं, ताणलेली वायर तिथेच तुटते.
आणि फोमावर काहीही स्क्रूने टांगू नका. जे लावायचं ते फोमाआधी. प्लायवर लाकडी ठोकळे बसवा, ठोकळ्याभोवती फोम कापा.

आबा_नांदेड
रोज बघायच्या गोष्टी एकाच बाजूला आणा: डिपस्टिक, डिझेल फिल्टर, पाणी वेगळं करणारी वाटी, कूलंटचं झाकण. वाटीखाली २५० मिमी मोकळं, नाहीतर पाणी काढायला भांडं जात नाही अन् मग कोणी काढतच नाही. बेल्टसमोर फोमाचा वेगळा तुकडा ठेवा, चार नट काढले की निघेल असा. शाफ्टच्या ग्लँडपाशी बी तसंच.
इंजिनाखाली ट्रे, कडा ५० मिमी, माउंटला न टेकणारा. तळाला पांढरा रंग द्या, एक थेंब गळला तरी दिसतो. काळ्या बिल्जमध्ये तेल आठवडाभर लपतं. पाने, चिंध्या, ग्रीसचा डबा, काही डब्यात ठेवायचं नाही. झाकणाच्या आत प्लास्टिक केलेला कागद लावा, मराठीत: तेल किती लिटर, फिल्टरचा नंबर, बेल्टचा नंबर, कुठला व्हॉल्व्ह कशाचा.
अजून एक, डब्याच्या भिंतीत २५ मिमीचं भोक, त्याला रबरी बूच. आग लागली तर झाकण उघडायचं नाही, उघडलं की हवा मिळते अन् भडका उडतो. त्या भोकातून आग विझवायच्या सिलिंडरचं नोझल घालायचं. पण त्याआधी इंजिन बंद, डिझेल बंद अन् ब्लोअर बंद, नाहीतर ब्लोअर गॅस ओढून बाहेर फेकतो. तिन्हीचे स्विच सुकाणूपाशी पाहिजेत.

पैठणकर_नाव
काम झालं, आकडे देतो. माउंट, अलाइनमेंटनंतर २००० ला ८८. गॅस्केट, क्लॅम्प, केबल ग्लँडनंतर ८६. थर लावल्यावर ८३. एक्झॉस्ट हँगर आणि सायलेन्सरनंतर ८१. न्यूट्रल-गिअर फरक १ डीबी. यू-नळीत ९ मिमी. दुपारी बाहेर ४१ असताना डब्यात ५४.
एकच राहिलंय: बरोबर १६५० ला कुठूनतरी झर्रर्र येतं, १७०० ला गायब.

मीटरवाली
एका ठरावीक आरपीएमलाच येतं म्हणजे एखादा पत्रा किंवा पातळ भाग सुरात येतोय. १६५० धरून ठेवा आणि तळहाताने एकेक गोष्ट दाबत जा: काच, डॅशबोर्ड, बाकाखालची प्लाय, रेलिंग. जिथे दाबल्यावर आवाज थांबेल तिथे मधोमध गाडीच्या दारात लावतात ती बिटुमेनची शीट, २-३ मिमी. अख्खा भाग झाकायची गरज नाही, मधला तिसरा हिस्सा पुरे.

आबा_नांदेड
त्याआधी थ्रॉटलची केबल बघा. बाहेरचं आवरण इंजिनाला बी क्लॅम्प अन् भिंतीला बी क्लॅम्प असलं तर तीच झर्रर्र करते.

पैठणकर_नाव
आबा, केबलच निघाली. भिंतीकडचा क्लॅम्प ३०० मिमी मागे घेऊन वळसा दिला, आवाज गेला.

आबा_नांदेड
आता ५० तास चालल्यावर माउंटचे नट अन् कपलिंगचे बोल्ट पुन्हा तपासा. नवं रबर बसतं, अलाइनमेंट पुन्हा घ्यावी लागते.